कंपवाताची वाट पोटातून जाते का?

जठारपेठेतल्या औषधाच्या दुकानात बी-कॉम्प्लेक्सचं पाकीट चिठ्ठीशिवायही मिळतं. हातपाय गळाले, मुंग्या आल्या की अकोल्यातली घरंही तेच आणतात. म्हणून जीवनसत्त्वांचा कंपवाताशी, म्हणजे पार्किन्सनशी, संबंध असू शकतो हे कळल्यावर आणखी एक पाकीट आणावंसं वाटणं साहजिक आहे. संबंध बहुधा आहे, पण तो गोळी घेऊन मिटेल इतका सरळ नाही.

कंपवातात मेंदूतल्या डोपामिन बनवणाऱ्या पेशी मरत जातात. पण अनेक रुग्णांना हात थरथरण्याच्या कित्येक वर्षं आधीपासून बद्धकोष्ठ जडलेलं असतं, म्हणूनच संशोधकांची नजर आतड्याकडे वळली. 2024 मध्ये जपानच्या नागोया विद्यापीठातल्या संशोधकांनी 94 रुग्णांच्या विष्ठेतले जिवाणू तपासले आणि अमेरिका, जर्मनी, चीन, तैवानमधल्या माहितीशी ताडून पाहिले. बी-2 आणि बी-7 ही जीवनसत्त्वं बनवणारी जनुकं रुग्णांच्या जिवाणूंत कमी होती. ही जीवनसत्त्वं घटली की आतड्याच्या अस्तराला जपणारे काही पदार्थही घटतात, अस्तरावरचा चिकट थर पातळ होतो, आणि कीटकनाशकं-तणनाशकांसारखी विषं आतड्याच्या मज्जातंतूंपर्यंत पोचतात, असा त्यांचा तर्क आहे. पऱ्हाटीवर फवारणी करणाऱ्या वऱ्हाडाला हा तर्क परका वाटू नये. पॅराक्वाट या तणनाशकाचा कंपवाताशी असलेला संबंध तर इतर अभ्यासांतूनही पुढे आला आहे.

यावर रास्त आक्षेप असा की, बद्धकोष्ठाने, बदललेल्या जेवणाने किंवा औषधांनीच जिवाणू बदलले असतील. मग कारण कोणतं आणि परिणाम कोणता? एकदाच घेतलेल्या नमुन्यांवरून हे ठरत नाही, हे मान्यच करायला हवं. जीवनसत्त्वांच्या बाबतीत एकदा आशा फोलही ठरली आहे. अमेरिका-कॅनडातल्या 800 रुग्णांवरच्या मोठ्या चाचणीत ई जीवनसत्त्वाचे भरपूर डोस देऊनही आजाराची चाल मंदावली नाही, असं 1993 मध्ये जाहीर झालं. बी-6 चा अनुभव आणखी बोलका आहे. लेव्होडोपा या कंपवातावरच्या मुख्य औषधाचं डोपामिन करायला शरीराला बी-6 लागतं; पण लेव्होडोपा एकटंच दिलं जायचं त्या काळात बी-6 चे मोठे डोस घेतले, की लेव्होडोपा मेंदूत पोचण्याआधीच बाहेर खर्च व्हायचं आणि औषध निकामी ठरायचं. आता जोडीला दिलं जाणारं कार्बिडोपा हे टाळतं.

तरीही हा धागा सोडून देण्यासारखा नाही, आणि आपल्याकडे तर मुळीच नाही. लेव्होडोपा पचवताना शरीरात होमोसिस्टीन नावाचं द्रव्य वाढतं आणि ते आवरायला बी-12 व फोलेट लागतात. फोलेट पालेभाजी-डाळीतून मिळतं, पण ज्वारीची भाकरी, तुरीचं वरण, अंबाडीची भाजी यांत बी-12 नसतं. शाकाहारी माणसाची सारी भिस्त दूध-दह्यावर. पुण्यातल्या के.ई.एम. रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने 2006 मध्ये 441 निरोगी पुरुषांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांतल्या 67 टक्क्यांत बी-12 कमी होतं. त्यात मधुमेहासाठी मेटफॉर्मिन चालू असेल तर ते आणखी घटतं. बी-12 च्या कमतरतेने पाय बधिर होतात, तोल जातो, विसरायला होतं आणि घरचे म्हणतात, आजार वाढला. कंपवात बरा होत नसला तरी ही कमतरता भरून काढता येते.

घरात कुणाला कंपवात असेल तर पुढच्या भेटीत डॉक्टरांना बी-12 ची रक्ततपासणी करायला सांगा. लेव्होडोपा मात्र स्वतःच्या मनाने एक दिवसही बंद करू नका.