वाघ्या रस्त्यापर्यंत गेला

घरफोडीच्या बातमीत एक वाक्य ठरलेलं असतं. श्वानपथकाला पाचारण करण्यात आले, श्वानाने मुख्य रस्त्यापर्यंत माग काढला आणि ते तेथेच घुटमळले. गाव बदलतं, गेलेले तोळे बदलतात. घुटमळणं मात्र तेच राहतं.

कोरेगावातल्या एका शाळेत मुलांना प्राणी-गुप्तहेरांची रहस्यकथा लिहायला सांगितली, तेव्हा पाचवीतल्या एका मुलीने शेवट नेमका असाच केला. चोरीला गेलं होतं घेवड्याचं पोतं आणि तपासावर होता वाघ्या नावाचा कुत्रा. कोरेगावात हे नाव दुहेरी वाजतं. पट्ट्यापट्ट्यांचा इथला वाघ्या घेवडा प्रसिद्ध. 2016 साली त्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. थोडक्यात, वाघ्याने वाघ्याचा माग काढायचा होता. तो काढत काढत पंढरपूरच्या रस्त्याला लागला आणि घुटमळला. गोष्ट संपली.

बाई म्हणाल्या, "अगं, चोर कुठाय?"

"पेपरात पण नसतो, बाई."

2 जानेवारी हा महाराष्ट्र पोलिसांचा स्थापना दिन. त्या आठवड्यात शाळांमधून पोलिसांची प्रात्यक्षिकं होतात. याच शाळेच्या मैदानावर श्वानपथकाची गाडी येऊन थांबली आणि मागच्या दारातून डॉबरमन उतरला. बसणं, झोपणं, सलाम ठोकणं झालं, टाळ्या पडल्या. मग खरा खेळ. दहा मुलांचे रुमाल जमिनीवर टाकले, एका मुलाच्या हाताचा वास कुत्र्याला दिला. तो रुमालांवरून एकदा सरळ गेला, वळला आणि चौथ्या रुमालाशी थांबला. नाकपुड्यांची ती बारीक फडफड पहिल्या रांगेतल्या पोरांना ऐकूही आली असेल. सगळं मैदान गप्प होतं.

"माणसाच्या नाकात वास ओळखणाऱ्या पेशी 50-60 लाख," कुत्र्याचा हस्तक सांगत होता. "ह्याच्या नाकात 22 कोटी." पोरांनी आकडा लगेच उचलला. 22 कोटी, 22 कोटी, असा घोष शेवटच्या रांगेपर्यंत गेला.

तीच मुलगी उठली. "काका, मग चोर घावतो का?"

हस्तक हसला नाही. "कधी घावतो. कधी रस्त्यापर्यंतच."

मग त्याने जे सांगितलं, ते बातमीत कधी येत नाही. चोर पायी असेपर्यंत त्याच्या वासाचा धागा जमिनीवर पडत जातो. पहाटेच्या ओलसर मातीत तो टिकतो, दुपारच्या तापल्या डांबरावर विरतो आणि चोर मोटारसायकलवर बसला की तुटतोच. त्यात पथक पोचेपर्यंत अख्खी आळी कपाट बघून, कडीला हात लावून गेलेली असते. त्या शंभर पायांखालून 22 कोटी पेशींनी एक पाय निवडायचा. म्हणजे घुटमळणं ही माहितीच असते: इथून पुढे चोर बहुधा चालत गेलेला नाही. बातमीदाराला ते अपयश वाटतं, हा भाग वेगळा.

माग काढणारा कुत्रा तयार व्हायला साधारण 9 महिने जातात. त्याच्यासोबत हस्तकही तयार होतो. दोरीचा ताण, शेपटीची उंची, मान वळण्याआधीचा क्षण हे सगळं त्याला वाचता यावं लागतं, कारण गोष्टीतल्या कुत्र्यासारखा हा कुत्रा बोलत नाही. बॉम्ब शोधणाऱ्याला तर भुंकायचीही मुभा नसते. वास लागला की गुपचूप खाली बसायचं. मुंबईच्या जंजीर नावाच्या लॅब्रॅडोरने 1993 च्या स्फोटांनंतर 3,329 किलो आरडीएक्स शोधून दिलं, ते असंच न बोलता. 2000 साली तो गेला, तेव्हा पोलिसांनी त्याला मानवंदना देऊन निरोप दिला.

कोर्टात मात्र हे न बोलणंच आडवं येतं. महाराष्ट्रातल्याच एका खटल्यात 1969 साली सर्वोच्च न्यायालयाने श्वानाच्या मागाला फारसं वजन दिलं नाही. कुत्र्याची उलटतपासणी घेता येत नाही. त्याच्या वतीने बोलतो तो माणूसच. कायद्याच्या जागी कायदा बरोबर आहे. एखाद्याचं स्वातंत्र्य कुणाच्या शेपटीवर ठरू नये. तरीही दोरीचं ते टोक मुठीत घट्ट धरून उभा असलेला हस्तक पाहिला, की न्यायमूर्तींनी एकदा त्याच्या मागोमाग शेतातून पळून बघायला हवं होतं, असं वाटून जातं.

प्रात्यक्षिक संपलं. कुत्र्याने वाडग्यातलं पाणी अर्धं पिऊन अर्धं सांडलं. मुलगी वही घेऊन आली आणि हस्तकाने ती उभ्याउभ्याच वाचली.

"बरोबर लिहिलंयस," तो म्हणाला. "घुटमळला, एवढंच खरं असतं."

दुसऱ्या दिवशी तिने गोष्ट पुढे लिहून आणली. वाघ्या रस्त्यावर थांबतो, मान वर करतो. विजेच्या तारेवर कावळा बसलेला असतो. त्याने टेम्पोचा नंबर पाहिलेला असतो.

"कावळ्याला वाचता येतं?" बाईंनी विचारलं.

"शाळेच्या खिडकीत बसतो की तो रोज."