ओठ एकीचे, श्वास दुसरीचा

जागतिक रेडिओ दिनाच्या पुरवणीसाठी संपादकांना इटलीतल्या एखाद्या रेडिओ-नटीवर मजकूर हवा होता. मी लगेच हो म्हटलं ते एका जुन्या शंकेपायी. काही वर्षांपूर्वी पुण्यात एका फिल्म सोसायटीच्या खेळाला रोस्सेलिनीचा ‘स्ट्रॉम्बोली’ पाहिला होता. ज्वालामुखीच्या बेटावर लग्न करून आलेली इन्ग्रिड बर्गमन त्यात चिडते, घुसमटते, शेवटी देवाला हाका मारते. मी तेव्हा इटालियनचे पहिले धडे गिरवत होतो. ही स्वीडिश बाई एवढं घोटीव, रंगभूमीवर मुरलेलं इटालियन कुठून बोलते, हे काही केल्या पचेना. घरी येऊन शोधलं. आवाज बर्गमनचा नव्हताच. तो होता लिडिया सिमोनेस्कीचा.

रेडिओचा इतिहास थोडक्यात उरकतो. इटलीत नियमित प्रसारण सुरू झालं 6 ऑक्टोबर 1924 रोजी. मग सरकारी छत्राखाली ‘एइआर’ ही संस्था आली आणि 1944 मध्ये तिची ‘राई’ झाली. स्टुडिओत नटांच्या मंडळ्या बसवून नाटकं वाचली जात. आपल्याकडच्या श्रुतिकाच म्हणा. नटी जुलिएत्ता मासिना देशाला आधी ऐकू आली आणि नंतर दिसली. युद्धाच्या काळात, पुढे दिग्दर्शक झालेल्या तरुण फेलिनीने लिहिलेल्या ‘चिको आणि पाल्लीना’ या मालिकेतली पाल्लीना ती होती, आणि 1943 मध्ये दोघांचं लग्नही झालं. डोळ्यांना काही न दाखवता माणूस उभा करायचा, ही विद्या या मंडळींना रेडिओने आणि नाटकाने शिकवली. तिचा खरा पैसा मात्र झाला अंधाऱ्या डबिंग स्टुडिओत.

त्याला कारण मुसोलिनीचं सरकार. 1930 मध्ये परकी भाषा पडद्यावर ऐकू येण्यालाच बंदी आली. बोलपट आले, पण त्यांतले संवाद कापून मध्ये पाट्या घातल्या जात. जाहिरात ‘बोलपट’ म्हणून, आणि पाहायचा मात्र वाचून! दुसरी वाट म्हणून पॅरिसजवळ जोआँव्हिलला पॅरामाउंट कंपनी एकच कथा चार-पाच भाषांत पुन्हा पुन्हा चित्रित करत होती. 1932 मध्ये कोल्हापुरात प्रभातने ‘अयोध्येचा राजा’ मराठीत आणि हिंदीत असा दोनदा केला, तोच हा मार्ग, फार खर्चाचा. त्याच साली रोममध्ये डबिंगचा पहिला स्टुडिओ सुरू झाला, आणि पुढच्या वर्षी कायदाच झाला की परदेशी चित्रपटाचं डबिंग इटलीतच आणि इटालियन माणसांनीच करायचं. हुकूमशहा गेला. त्याने लावलेली सवय राहिली.

लिडियाचा जन्म 1908 मध्ये रोममध्ये झाला. वडील कार्लो सिमोनेस्की मूकपटांच्या जमान्यातले नट आणि दिग्दर्शक. बापाच्या चित्रपटांना आवाज नव्हता आणि लेकीच्या आवाजाला चेहरा नव्हता. तिची यादी वाचताना दम लागतो: बर्गमन, बार्बरा स्टॅनविक, सुसन हेवर्ड, जेनिफर जोन्स, मॉरीन ओ’हारा. ‘गॉन विथ द विंड’मधल्या व्हिव्हियन लीचा आवाजही तिचाच. त्या स्कार्लेटचं इटलीत बारसं झालं होतं ‘रोस्सेल्ला’. एका पिढीच्या इटालियन प्रेक्षकाने पडद्यावर दहा बायकांवर प्रेम केलं असेल. कानाने मात्र तो एकीशीच एकनिष्ठ होता.

दुसरं टोक तीना लात्तान्झीचं. खोल, खर्जातला, थोडा थंड आवाज. ग्रेटा गार्बोला इटलीत तो मिळाला आणि पुढे डिस्नेच्या सिंड्रेलाच्या सावत्र आईलाही. हृदय जिंकायचं असो की मुलांना घाबरवायचं असो, खर्ज तोच. लात्तान्झी 1997 मध्ये गेली, शंभरी अगदी तोंडावर असताना.

पण या सगळ्यात मी अडकलो ते एका यंत्रापाशी. नाव ‘आनेल्लो’, म्हणजे अंगठी किंवा कडं. चित्रपटाच्या रिळाचे छोटे छोटे तुकडे करायचे. प्रत्येक तुकड्याचं शेपूट त्याच्याच तोंडाला चिकटवायचं. झालं कडं. ते प्रोजेक्टरमध्ये घातलं की तोच प्रसंग संपतो आणि क्षणात पुन्हा सुरू होतो. बर्गमन दार उघडते, वळते, बोलते. दार उघडते, वळते, बोलते. घाण्याच्या बैलासारखी ती फिरत राहते. खाली अंधारात छोट्या दिव्याखाली संवादांचा कागद. एक डोळा त्यावर, एक डोळा पडद्यावर. पहिल्या फेऱ्या नुसत्या ऐकायच्या, मग पुटपुटायच्या, मग ध्वनिमुद्रण. टेप येण्याआधी आवाजही फिल्मवरच मुद्रित होई, त्यामुळे चूक महाग पडे. दोघं-तिघं एकाच मायक्रोफोनपुढे. एकाची जीभ अडखळली की सगळ्यांना पुन्हा पहिल्यापासून. शिवाय कडी कथेच्या क्रमाने येत नसत. ज्या दिवशी जो नट हजर, त्या दिवशी त्याची कडी. सकाळी नवऱ्याच्या प्रेतापुढे हंबरडा फोडायचा आणि जेवणानंतर त्याच नवऱ्याशी पहिली ओळख करून घ्यायची.

यात शब्दांपेक्षा अवघड असतो श्वास. पडद्यावरची बाई बोलण्याआधी छाती भरून घेते, तेव्हा दुसरीनेही तेवढाच श्वास घ्यायचा. जास्त झाला की नाटकी आणि कमी झाला की चेहरा मेलेला. त्यात ओठांची कटकट. प, ब, म या ओष्ठ्य वर्णांना तोंड मिटावंच लागतं. इंग्रजीत ओठ मिटले तिथे इटालियनमध्येही मिटणारा शब्द हवा, म्हणून संवाद लिहिणारा अर्थाआधी ओठ मोजतो. आणखी एक गंमत. फॅसिस्ट राजवटीने आदरार्थी ‘लेई’ हद्दपार करून ‘व्होई’ रूढ करायचा घाट घातला होता. रस्त्यावर ते फार रुजलं नाही. डबिंगच्या खोलीत मात्र ‘व्होई’ पुढेही बराच काळ टिकलं, कारण इंग्रजी ‘यू’वर ते बेमालूम बसे. म्हणजे पडद्यावरचे प्रेमिक घरात कुणीच बोलत नाही अशा अदबीने भांडत राहिले.

आणि हे फक्त परक्यांसाठी नव्हतं. इटलीत चित्रीकरणाच्या वेळचा आवाज टाकून देऊन नंतर तो भरायची रीतच पडली. फेलिनी नटांना संवादांऐवजी आकडे म्हणायला लावी. ‘रिझो आमारो’मधल्या भातलावणीवाल्या सिल्वाना मांगानोलाही सिमोनेस्कीनेच बोलतं केलं. क्लाउदिया कार्दिनालेचा घोगरा आवाज निर्माते वर्षानुवर्षं झाकत आले. फेलिनीच्या ‘साडेआठ’मध्ये, 1963 साली, तो पहिल्यांदा ऐकू आला. त्याच वर्षीच्या विस्कोन्तीच्या ‘बिबट्या’त मात्र तिच्या तोंडून दुसरीच बोलत होती. हे वाचलं आणि माझ्या कौतुकाला पहिला तडा गेला. एका बाईची कला ही दुसरीची मुस्कटदाबीही असू शकते.

या आवाजांचं नाव पडद्यावर सहसा नसे. आपल्याला हे नवं नाही. 1949 च्या ‘महल’मधल्या गाण्याच्या तबकडीवर लताबाईंऐवजी ‘कामिनी’ या पात्राचंच नाव छापलं होतं. पण गाणं पुढे गायिकेच्या नावाने ओळखलं जाऊ लागलं. संवाद हा कायम नटीचाच राहतो. या मंडळींनी 1944 मध्ये रोममध्ये आपली सहकारी संस्था काढली. दूध आणि उसाप्रमाणे आवाजाचीही सहकारी! तिने कामाचा दर राखला. नाव मिळवून देणं तिला साधलं नाही.

मिळालेला आवाज टिकतो असंही नाही. जुनं मुद्रण कानाला जुनाट लागतं, भाषा शिळी होते, आणि काही सवयींची लाज वाटू लागते. जुन्या डबिंगमध्ये काळ्या नोकरांच्या तोंडी क्रियापदं न चालवता नुसती मूळ रूपं घालत, म्हणजे माणूस कायम मोडकंच बोलणार. ते बदलायलाच हवं, यात शंका नाही. पण बदलताना पुसला जातो तो सगळाच आवाज. 1977 मध्ये ‘गॉन विथ द विंड’ पुन्हा डब झाला आणि रोस्सेल्ला नव्या आवाजात बोलू लागली. सिमोनेस्की तेव्हा 69 वर्षांची होती. 1981 मध्ये ती गेली.

आता कडी संगणकात फिरतात, पण इटलीतले लोक तुकड्याला अजून ‘आनेल्लो’च म्हणतात. तीन तासांच्या पाळीत पूर्वीपेक्षा जास्त ओळी उरकाव्या लागतात, कारण मालिकांचा पूर थांबत नाही. 2023 च्या सुरुवातीला या कलावंतांनी संप केला. दरांखेरीज भीती एकच होती: आपल्याच ध्वनिमुद्रणावरून शिकून यंत्र आपल्याच आवाजात बोलू लागेल. त्याच वर्षाअखेरच्या करारात त्याविरुद्धचं कलम आलं. कलमाने यंत्र थांबेल का, याबद्दल मी फार आशावादी नाही. यंत्राला पाळी नसते, त्याची जीभ अडखळत नाही, त्याला दमही लागत नाही.

हे लिहून झाल्यावर ‘स्ट्रॉम्बोली’चा शेवट पुन्हा लावला. डोंगरावर धूर, बर्गमन एकटी, देवाला हाक. पुन्हा हाक. या वेळी मी शब्द सोडून मधली जागा ऐकत होतो. दोन हाकांमध्ये पडद्यावरचं तोंड उघडं आहे, आणि तो धापा टाकणारा श्वास राखेचा नाही. तो रोममधल्या एका बंद खोलीतला आहे. त्या दिवशी कितव्या फेरीला जमला, कुणी लिहून ठेवलेलं नाही.