जुन्या मोटारसायकलीच्या कार्ब्युरेटरमधून होणारी पेट्रोलगळती : कारणे व उपाय

वर्धा जिल्ह्यातील समुद्रपूर तालुका हा कापूस, सोयाबीन व तूर पिकविणारा प्रदेश होय. वेचणीनंतर कापूस विक्रीस जाईपर्यंत तो पुष्कळ घरांत राहत्या खोलीतच साठविला जातो. आवारात कुटार व पऱ्हाट्यांचे ढीग असतात. त्याच छपराखाली जुनी मोटारसायकल उभी असून तिच्यातून पेट्रोल ठिबकत असेल, तर प्रश्न केवळ इंधनाच्या नासाडीचा राहत नाही. उणे ४० अंश सेल्सिअसच्या सुमारासही पेट्रोलपासून पेट घेण्याजोगी वाफ निघते. ही वाफ हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत पसरते व काही अंतरावरील चुलीपर्यंत पोहोचू शकते. म्हणून गळती लहान असली तरी ती त्याच दिवशी बंद करणे अगत्याचे आहे.

मद्रास येथे १९५५ पासून तयार होऊ लागलेली एनफिल्ड बुलेट, एस्कॉर्ट्स कंपनीची राजदूत, म्हैसूरच्या कारखान्यातील जावा व येझदी या गाड्यांच्या कार्ब्युरेटरची घडण थोडीफार वेगळी असली, तरी गळतीची कारणे बहुधा सारखीच असतात.

कार्ब्युरेटरचे कार्य

कार्ब्युरेटरमध्ये पेट्रोल साठविणारी एक लहान वाटी असते. तीत फ्लोट तरंगतो. पेट्रोल ठरावीक पातळीस आले की फ्लोट वर उचलला जातो व एक टोकदार सुई पेट्रोल येण्याचे छिद्र बंद करते. पेट्रोल खर्च झाले की फ्लोट खाली उतरतो आणि वाट मोकळी होते. पाण्याच्या टाकीतील बॉल-कॉक याच तत्त्वावर चालतो. सुई नीट बसली नाही, तर पेट्रोल वाटीत न मावता बाहेर वाहू लागते.

प्रथम घ्यावयाची काळजी

गाडी घराबाहेर, मोकळ्या जागी, चूल व कंदील यांपासून दूर न्यावी. इंजिन पूर्ण थंड होऊ द्यावे. विडी ओढू नये. बॅटरीची तार सोडून ठेवावी व जवळ कोरडी वाळू किंवा माती ठेवावी. पेट्रोलच्या आगीवर पाणी ओतू नये. पेट्रोल पाण्यावर तरंगते व आग अधिक पसरते.

गळतीची जागा शोधणे

कार्ब्युरेटर बाहेरून कोरड्या फडक्याने स्वच्छ पुसावा व खाली पांढरा कागद अंथरावा. गाडी सरळ उभी करून, इंजिन सुरू न करता, पेट्रोलचा कॉक उघडावा. पेट्रोल खालच्या टोकाशी जमून ठिबकते. म्हणून ओल वरपासून खालपर्यंत तपासावी. जावा गाडीवर थंड इंजिन सुरू करण्यापूर्वी टिकलर दाबल्यास थोडे पेट्रोल बाहेर येते. तो बिघाड समजू नये.

१. ओल कॉकपाशी किंवा नळीच्या जोडावर असल्यास कॉकचा वॉशर झिजलेला अथवा नळी कडक होऊन तडकलेली असते. नळी पेट्रोलसाठीच बनविलेली घ्यावी. पाण्यासाठीची साधी प्लॅस्टिक नळी लवकर कडक होते.

२. वाटीच्या जोडातून गळत असल्यास गॅस्केट बदलावे. स्क्रू जोर लावून आवळू नयेत. कार्ब्युरेटर मऊ मिश्रधातूचा असतो. जास्त ताण दिल्यास आटे जातात आणि जोड वाकडा होऊन गळती वाढते.

३. जादा पेट्रोल सोडणाऱ्या नळीतून किंवा हवा घेणाऱ्या तोंडातून पेट्रोल येत असल्यास दोष सुई, तिची बैठक किंवा फ्लोट यांत असतो.

सुई व फ्लोट यांची परीक्षा

कॉक बंद करून वाटी काढावी. तळाशी गंज वा कचरा आढळल्यास वाटी व सुईची बैठक स्वच्छ करावी. पुष्कळदा एवढ्यानेच काम भागते. सुईच्या टोकावर झिजेची गोल खूण दिसल्यास सुई बदलावी. फ्लोट कानाशी हलवून पाहावा. आत पेट्रोलचा आवाज आल्यास त्यास छिद्र आहे. छिद्र दिसत नसल्यास फ्लोट पूर्ण वाळवून, विस्तवापासून दूर, गरम पाण्यात बुडवावा. छिद्रातून बुडबुडे निघतात. असा फ्लोट बदलणे उत्तम. आत पेट्रोल असलेल्या पितळी फ्लोटला डाग देणे धोक्याचे आहे. शिवाय डागाने वजन वाढून फ्लोट खोल बसतो व पातळी वर जाते. फ्लोटची पट्टी अंदाजाने वाकवू नये. माप गाडीच्या माहितीपुस्तिकेप्रमाणे ठेवावे.

इंजिनावर होणारा परिणाम

गळती दिसत नाही म्हणून ती नाही, असे समजू नये. कधी पेट्रोल इंजिनातच उतरते. राजदूत व जावा यांसारख्या गाड्यांत प्लग भिजतो व गाडी सुरू होत नाही. बुलेटमध्ये पेट्रोल तेलात मिसळून तेल पातळ होते. तेलास पेट्रोलचा वास आल्यास ते बदलल्याशिवाय इंजिन चालवू नये.

इथेनॉलमिश्रित पेट्रोल

देशात २०२३ पासून २० टक्के इथेनॉल असलेले पेट्रोल मिळू लागले. इथेनॉलमुळे जुन्या प्रकारचे रबर फुगते किंवा चिरते. ते पाणीही शोषते. पाणी अधिक झाल्यास तळाशी वेगळा थर जमून टाकी गंजते व तो गंज सुईखाली अडकतो. म्हणून नळ्या, वॉशर व गॅस्केट बदलताना इथेनॉलला टिकणारे घ्यावेत आणि टाकीचे झाकण घट्ट बसते की नाही ते पाहावे.

प्रतिबंधक उपाय

गाडी उभी करताच कॉक बंद करावा. दर तासाला ५० मिलिलिटर गळत असल्यास १० तासांच्या रात्रीत अर्धा लिटर पेट्रोल जमिनीवर जाते. कॉक बंद असूनही ठिबकणे चालूच राहिले, तर कॉकही दुरुस्त करावा. गाडी महिनाभर वापरावयाची नसल्यास वाटी रिकामी करावी. वैशाखातील उन्हात त्यातील पेट्रोल उडून चिकट थर उरतो.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी कागदाची परीक्षा गावात प्रत्यक्ष करून दाखवावी. गळती बंद होईपर्यंत गाडी कापसाच्या खोलीजवळ, गोठ्यात किंवा कुटाराच्या ढिगापाशी उभी करू नये, हे शेतकरी बंधूंना आवर्जून सांगावे.