आलेखाची पायाभूत रेषा: बालाघाटच्या आकड्यांवरून एक पडताळणी

बालाघाट म्हटले की मराठी वाचकाला बीड-धाराशिवकडची डोंगररांग आधी आठवते. येथे अभिप्रेत आहे तो मध्य प्रदेशातील वैनगंगेकाठचा, गोंदियाला खेटून असलेला जिल्हा. भरवेलीचे मँगनीज, मलाजखंडचे तांबे आणि चिन्नोर तांदूळ ही त्याची ओळख. २०११ च्या जनगणनेत या एका जिल्ह्याची लोकसंख्या १७,०१,६९८ होती आणि संपूर्ण गोवा राज्याची १४,५८,५४५. स्प्रेडशीटमध्ये हे दोन आकडे निवडून स्तंभालेख काढला, तर बालाघाटचा स्तंभ उंच दिसेल. मात्र बालाघाटचे क्षेत्रफळ ९,२२९ चौरस किलोमीटर आहे आणि गोव्याचे ३,७०२. दर चौरस किलोमीटरला किती माणसे, असे विचारले की गोवा ३९४ आणि बालाघाट १८४, म्हणजे चित्र उलटे. दोन्ही आलेख अचूकच. प्रश्न मात्र वेगवेगळे. कोणता प्रश्न विचारायचा हे संगणक ठरवत नाही, आणि तेथेच आलेखाचे अर्धे काम असते.

उरलेले अर्धे काम अक्षाचे. बालाघाटची खरी ख्याती लिंग-गुणोत्तरासाठी आहे. २०११ मध्ये तेथे दर हजार पुरुषांमागे १०२१ स्त्रिया होत्या आणि हे प्रमाण मध्य प्रदेशात सर्वाधिक होते. त्यानंतर अलिराजपूर १०११, मंडला १००८ आणि दिंडोरी १००२. संपूर्ण राज्याचे प्रमाण ९३१ आणि तळाशी असलेल्या भिंडचे ८३७. आता पहिल्या चार जिल्ह्यांचा स्तंभालेख एक्सेलमध्ये काढला, तर उभा अक्ष शून्यापासून सुरू होत नाही. तो ९९० च्या आसपास कोठेतरी सुरू होतो. ९९० धरल्यास बालाघाटचा स्तंभ ३१ एककांचा आणि दिंडोरीचा १२ एककांचा होतो, म्हणजे अडीचपटीहून अधिक उंच. प्रत्यक्षातील फरक दोन टक्क्यांचाही नाही.

हा खोडसाळपणा नव्हे. तो एक ठरलेला नियम आहे. सर्व मूल्ये धन असतील आणि सर्वांत मोठ्या व सर्वांत लहान मूल्यातील अंतर मोठ्या मूल्याच्या एक-षष्ठांशापेक्षा कमी असेल, तर एक्सेल अक्षाचा आरंभ शून्यावरून वर सरकवते. अंतर त्याहून अधिक असेल, तर आरंभ शून्यच राहतो. परिणाम गमतीचा होतो. १०२१ चा एक-षष्ठांश सुमारे १७०. वरील चार जिल्ह्यांच्या यादीत ८६४ प्रमाण असलेले ग्वाल्हेर जोडले, तर अंतर १५७ भरते आणि अक्ष कापलेलाच राहतो. ग्वाल्हेरऐवजी भिंड जोडले, तर अंतर १८४ होते आणि तोच आलेख अचानक शून्यावर येऊन बसतो. आलेख काढणाऱ्याने कोणताही निर्णय घेतलेला नसतो. यादीतील एका नावाने तो परस्पर घेतलेला असतो.

एडवर्ड टफ्टी या अमेरिकन अभ्यासकाने १९८३ च्या आपल्या ग्रंथात अशा विपर्यासाचे माप सांगितले आहे. चित्रात दिसणाऱ्या फरकाला आकड्यांतील फरकाने भागावे. उत्तर एकाच्या जवळ असेल तर चित्र प्रामाणिक. बालाघाट-दिंडोरीच्या कापलेल्या आलेखात चित्रातील फरक १५८ टक्के आणि आकड्यांतील १.९ टक्के, भागाकार ८३ च्या घरात जातो. उपाय अर्ध्या मिनिटाचा आहे. अक्षावर उजवी टिचकी द्यावी, ‘फॉरमॅट ॲक्सिस’ उघडावे आणि ‘मिनिमम’च्या चौकटीत शून्य लिहावे. चारही स्तंभ मग जवळजवळ सारखे दिसू लागतात. ते कंटाळवाणे दिसते हे खरे, पण चार जिल्हे सारखेच आहेत हीच तर बातमी आहे. क्रम महत्त्वाचा असेल, तर साधा तक्ता अधिक उपयोगी.

रेषालेखाला मात्र शून्याची सक्ती नाही. स्तंभ आपले म्हणणे लांबीने सांगतो. रेषा उताराने सांगते. गोव्याचेच प्रमाण पाहा: १९६१ च्या रकान्यात १०६६, १९७१ मध्ये ९८१, १९८१ मध्ये ९७५, १९९१ मध्ये ९६७, २००१ मध्ये ९६१ आणि २०११ मध्ये ९७३. हा आलेख शून्यापासून काढला, तर मुक्तीनंतरच्या दशकातील घसरण, म्हणजेच कामासाठी बाहेरून आलेल्या पुरुषांची खूण, जवळजवळ सपाट रेषेत विरून जाईल. येथे अक्ष ९०० पासून घेणेच योग्य. फक्त तो आकडा ठळक दिसला पाहिजे. हाच आलेख काढताना आणखी एक फसगत होते. ‘वर्ष’ या मथळ्यासह दोन्ही स्तंभ निवडले की १९६१, १९७१ हे आकडेसुद्धा मोजमाप समजून त्यांची वेगळी रेषा वर काढली जाते. निवड करण्यापूर्वी ‘वर्ष’ हा शब्द असलेली कोपऱ्यातील चौकट रिकामी ठेवावी. मधले एखादे वर्ष गाळायचे असेल, तर रेषालेखाऐवजी स्कॅटर आलेख घ्यावा. नाही तर वीस वर्षांचे अंतर दहा वर्षांच्या अंतराइतकेच दिसते.

सर्वांत नाजूक बाब आहे ती हजाराच्या रेघेची. लिंग-गुणोत्तराच्या आलेखावर १००० ला आडवी लाल रेघ मारण्याची प्रथा पडली आहे. एकूण लोकसंख्येपुरती ती चालून जाते. शून्य ते सहा वयोगटाच्या आलेखावर ती दिशाभूल करते. निसर्गतःच मुलींपेक्षा मुलगे थोडे अधिक जन्मतात, साधारण शंभरास एकशे पाच. म्हणजे हजार मुलग्यांमागे सुमारे ९५० मुली. बालाघाटमध्ये २०११ चे बाल-गुणोत्तर ९६७ होते. १०२१ च्या शेजारी ते ठेवून वर हजाराची रेघ ओढली, तर जिल्ह्यात मुलींची संख्या धोक्यात आल्याचा भास होतो. वास्तविक हा आकडा दिलासा देणारा आहे. उलट गोव्याचे एकूण प्रमाण ९७३ आणि बाल-गुणोत्तर ९४२. तेथे रेघ ९५० वर आणली, तर गोव्याचा स्तंभ किंचित खाली राहतो आणि बालाघाटचा वर जातो. गर्भलिंग-निदानाविरुद्धच्या १९९४ च्या कायद्याची अंमलबजावणी कोठे कडक करायची, कोणत्या तालुक्यातील सोनोग्राफी केंद्रे तपासायची, याची चर्चा अशाच आलेखांसमोर बसून होते. रेघ पन्नास एककांनी चुकली, तर बोट भलत्याच गावाकडे जाते.

दोन जनगणनांना जोडणाऱ्या रेषेबाबत हद्दींचाही विचार करावा लागतो. अलिराजपूर हा जिल्हा झाबुआतून २००८ मध्ये वेगळा झाला. त्यामुळे २००१ च्या मूळ तक्त्यात तो सापडत नाही आणि झाबुआचा त्या वर्षीचा आकडा आजच्या झाबुआचा नसतो. बालाघाटचा १०२२ वरून १०२१ हा प्रवास मात्र सरळ वाचता येतो. पुढील जनगणनेची संदर्भ-तारीख १ मार्च २०२७ आहे. तिचे आकडे आले की बालाघाटच्या रेषेला तिसरा बिंदू मिळेल.