एए मीटिंगला पहिल्यांदा जाताना

अहिल्यानगर जिल्ह्यातल्या राळेगणसिद्धीने गावाची दारू बंद करून दाखवली. पण एकट्या माणसाची दारू सुटायला सोबत लागते. १९३५ मध्ये अमेरिकेत सुरू झालेल्या अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसच्या (एए) मीटिंगमध्ये ती मिळते. फी नाही, आडनाव कुणी विचारत नाही; अट एकच, दारू सोडायची इच्छा. ‘मी अमुक, मी मद्यपी आहे,’ म्हणत एकेक जण बोलतो, मध्येच कुणी तोडत नाही. पहिल्या दिवशी मागे बसून नुसतं ऐकलंत तरी चालतं. घरच्यांसाठी अल-अनॉन हा वेगळा गट आहे. त्यांनी जरूर जावं, झळ त्यांनाही बसलेली असते.

व्यसनमुक्तीची सरकारी मोफत हेल्पलाइन : १४४४६. रोज भरपूर पिणाऱ्याने मात्र एकदम थांबण्याआधी डॉक्टरांना गाठावं. थरथर, फिट, भ्रम जिवावर बेतू शकतात.