सायकलची सीट आणि कष्टकऱ्याचे शरीर



वसंत व्याख्यानमालेत साहित्य, इतिहास, अर्थकारण अशा मोठ्या विषयांवर बोलण्याची प्रथा आहे. आम्ही आज सायकलच्या सीटवर बोलणार आहोत. विषय क्षुल्लक वाटेल, पण पहाटे दुधाचे कॅन लावून शहरात येणारा, घरोघर वर्तमानपत्रे टाकणारा, मिरचीच्या पथारीवर कामाला जाणारा माणूस रोज तासन् तास याच वीतभर जागेवर बसतो. संघटनेच्या कामात आमच्याकडे मजुरीची तक्रार येते, रजेची येते. ही तक्रार मात्र सहसा येत नाही. दुखणे अवघड जागेचे असते आणि माणूस संकोचाने गप्प बसतो. पुढेपुढे तर सायकल म्हटली की दुखायचेच, अशी त्याची समजूत होऊन बसते. ही समजूत चुकीची आहे, एवढेच आम्हाला सांगायचे आहे.

दत्तजयंतीला तापीकाठी सारंगखेड्याची यात्रा भरते. तिथला घोड्यांचा बाजार आपण सर्वांनी पाहिला आहे. जाणता माणूस घोड्याची पाठ पाहिल्याशिवाय त्यावर खोगीर चढवत नाही. खोगीर बेताचे नसेल तर पाठीला जखम होते, हे त्याला ठाऊक असते. जनावराच्या पाठीचा जेवढा विचार होतो, तेवढा तरी आपण आपल्या शरीराचा करावयास नको काय?

आता मूळ कारणाकडे वळू. आपण ताठ बसतो तेव्हा शरीराचा भार खाली दोन हाडांवर येतो. कठीण बाकावर बसून बुडाखाली हात घातले तर ही दोन टोके हाताला लागतात. भार पेलणे हे त्यांचे कामच आहे. या दोहोंच्या मधला भाग मात्र मऊ असून तेथून नसा व रक्तवाहिन्या जातात. भार हाडांवर राहिला तर सवयीने बसणे सुखाचे होते; तो मधल्या भागावर आला की मुंग्या येतात, बधिरता येते. सीट निवडण्याचे सारे शास्त्र एवढ्यात आले : भार हाडांनी घ्यावा, मासाने घेऊ नये.

म्हणून पहिली गोष्ट रुंदीची. खोक्याचा नालीदार पुठ्ठा कठीण पायरीवर ठेवावा, त्यावर बसून टाचा उचलाव्या, किंचित पुढे झुकावे आणि उठावे. पुठ्ठ्यावर दोन खळगे उमटतात. त्यांच्या मध्यबिंदूंतील अंतर पट्टीने मोजावे. प्रौढ माणसात ते सामान्यतः १० ते १४ सेंटिमीटर भरते. सीटचा मागचा भाग त्याहून दोन-तीन सेंटिमीटर अधिक रुंद हवा, आणि ताठ बसून चालवणाऱ्याला आणखी थोडा. स्त्रियांत हे अंतर सरासरीने जास्त असते. मानव विकास कार्यक्रमातून शाळकरी मुलींना सायकली देण्याची योजना आहे. मुलीला सायकल मिळाली की पालकांनी सीटकडे आधी पाहावे.

दुसरी गोष्ट मऊपणाची. दुकानात अंगठा दाबून जी सीट जास्त दबते ती चांगली, असे गिऱ्हाईक मानते. पण फार मऊ सीटमध्ये हाडे खाली रुततात आणि मधला फुगवटा वर येऊन नेमका नाजूक भागच दाबतो. निरुपयोगी भरीला मराठीत खोगीरभरती म्हणतात, ते उगीच नव्हे. बाजारापर्यंत जाऊन येणाऱ्याला मऊ सीट चालेल. रोज दहा-पंधरा किलोमीटर जाणाऱ्याने बेताची कठीण सीट घ्यावी. रस्ता खडबडीत आणि बैठक ताठ असेल तर सीटखाली स्प्रिंगा हव्यात. बर्मिंगहॅमच्या ब्रुक्स कंपनीने १८८२ साली चामड्याच्या सीटचे पेटंट घेतले. पुढे व मागे ताणून बसवलेले ते चामडे वापराने बसणाऱ्याच्या हाडांप्रमाणे आकार घेते. त्याला पावसापासून मात्र जपावे लागते.

तिसरी गोष्ट बसवण्याची, आणि तिला एका पान्याखेरीज खर्च नाही. पायडल सर्वांत खाली असताना त्यावर टाच ठेवली तर गुडघा सरळ व्हावा. म्हणजे चवड्याने चालवताना तो किंचित वाकलेला राहतो. सीट फार उंच असली की कंबर डावी-उजवीकडे डुलते व मांड्या घासतात. फार खाली असली की गुडघ्याच्या पुढच्या बाजूला दुखते. सीट आडवी, समपातळीत हवी. नाक वर झाले तर बधिरता येते. फार खाली झाले तर माणूस घसरतो आणि सारा भार मनगटांवर पडतो. एका वेळी एकच फेरफार करावा व दोन-चार दिवस चालवून पाहावे.

हे सारे सुखवस्तूंचे चोचले नव्हेत. अमेरिकेत कामगारांच्या आरोग्याचा अभ्यास करणाऱ्या सरकारी संस्थेने सायकलवर गस्त घालणाऱ्या ९० पोलिसांना सहा महिने बिननाकाच्या सीटा वापरायला दिल्या. हा अभ्यास २००८ साली प्रसिद्ध झाला. बधिरता येत नाही असे सांगणारे आरंभी १०० पैकी २७ होते, ते अखेरीस ८२ झाले. माणसे तीच, काम तेच. बदलली ती फक्त सीट. बिननाकाच्या सीटवर तोल सांभाळायची सवय करावी लागते, म्हणून ती सर्वांनी घ्यावी असे आम्ही म्हणत नाही. दोष शरीराचा नसून साधनाचा असू शकतो, हे मात्र यावरून सिद्ध होते.

लांबच्या वाटेवर अधूनमधून पायडलवर उभे राहून भार हलका करावा. जाड शिवण बुडाखाली येईल असे कपडे टाळावेत. बधिरता उतरल्यानंतरही टिकली किंवा गळू झाले, तर लाज सोडून डॉक्टरांकडे जावे.

विळ्याची मूठ हाताला बसत नसेल तर शेतमजूर ती बदलून घेतो. सायकल हेही कष्टकऱ्याचे हत्यारच आहे. जिथे मालक कामासाठी सायकल देतो, तिथे सीट चालवणाऱ्याच्या मापाची मागून घेणे हा हट्ट नसून हक्क आहे. आणि सायकल स्वतःची असेल, तर घरी गेल्यावर आधी पुठ्ठा शोधावा आणि मग पाना.