नाशिक फाट्याच्या पुढे

कासारवाडीच्या चौकाला नाशिक फाटा म्हणतात. बावीस वर्षं मी तिथून रोज वळत होतो, पण नाशिकला कधी पोचलो नव्हतो. भोसरी, मोशी, चाकण; आमचा नाशिक रस्ता तिथेच संपायचा. मी गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत क्वालिटीला आहे. दिवसभर दुसऱ्यांनी केलेल्या मालात खोट काढायची आणि त्याचाच पगार घ्यायचा, असा आमचा धंदा. त्यामुळे साडूंनी फेब्रुवारीत "चला, वाईनरी बघून येऊ" म्हटलं तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर बाग आली नाही, प्लँट व्हिजिट आली.

मी, बायको, साडू, मेहुणी आणि गाडी चालवायला भाचा. भाचा पीत नाही, म्हणूनच त्याला घेतलं. रक्ताच्या १०० मिलिलिटरमध्ये ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल सापडलं तर गुन्हा होतो. टेस्टिंगचे चार-पाच घोट एवढे-एवढेसे दिसतात, पण त्यांची बेरीज होते. असा एक भाचा प्रत्येक गाडीत हवा.

नारायणगावला चहाला थांबलो. वाईन म्हटलं की हल्ली सगळ्यांना नाशिकच आठवतं. पण आजच्या भारतीय वाईनचं पहिलं मोठं पाऊल पडलं ते इथे, आपल्याच पुणे जिल्ह्यात, चाकणहून तासाभराच्या अंतरावर. १९८० च्या दशकात श्यामराव चौगुल्यांनी नारायणगावात 'शातो इंडेज' उभी केली. फ्रान्सच्या शॅम्पेन भागातले जाणकार बोलावले, त्यांच्या पद्धतीने फसफसणारी वाईन केली आणि 'ओमर खय्याम' या नावाने ती परदेशी पाठवली. तमाशाच्या राहुट्यांसाठी आणि टोमॅटोच्या बाजारासाठी प्रसिद्ध असलेल्या गावाची बाटली विलायतेत विकली जात होती. त्या काळात आमच्या घरी वाईन हा शब्द फक्त सिनेमात ऐकू यायचा.

ही फसफस कशी येते ते समजून घेण्यासारखं आहे. तयार वाईन बाटलीत भरतात, थोडी साखर आणि यीस्ट घालून बूच घट्ट बांधतात. बाटलीतच दुसऱ्यांदा आंबवण होते. त्यातून सुटणाऱ्या वायूला बाहेर पडायला वाट नसते, म्हणून तो वाईनमध्येच विरघळतो. आत साधारण ६ बारचा दाब तयार होतो. आपल्या कारच्या टायरमध्ये सव्वादोनच्या आसपास हवा असते, म्हणजे ही बाटली टायरच्या अडीचपट फुगलेली. म्हणून तिची काच जाड आणि बुचाला तारेची जाळी. मेलेलं यीस्ट नंतर बाटली उलटी करत करत तोंडाशी आणतात आणि तेवढंच गोठवून उडवून टाकतात. हे सगळं चाळीस वर्षांपूर्वी जुन्नर तालुक्यात जमवलं, याचं मला क्वालिटीवाला म्हणून फार कौतुक वाटतं. पुढे कंपनी भराभर वाढली, २००८ नंतरच्या मंदीत कर्जाखाली गेली आणि शेवटी अवसायनात निघाली. आमच्या भागात वाढलेले आणि मग कुलूप लागलेले कारखाने मी पुष्कळ पाहिलेत. तरी इथे थांबल्यावर चहा जरा कडूच लागला.

वाईनला हा मुलूख तसा नवखा नाही. दोन हजार वर्षांपूर्वी नाणेघाटातून जुन्नरला व्यापारी चढत होते. भडोचच्या बंदरात इटलीची वाईन उतरत असल्याची नोंद त्या काळच्या एका ग्रीक खलाशी-पुस्तकात आहे. जुन्नरच्या लेण्यांत चिट नावाच्या एका यवनाचा शिलालेख आहे. त्याने भिक्षुसंघाला काय दान दिलं, तर भोजनमंडप. परदेशातून यायचं, डोंगर चढायचा आणि लोकांच्या जेवणाची सोय करून जायचं, हा माणूस मला फार आवडतो. त्याच्या बुधल्यात काय होतं ते मात्र शिलालेखात नाही.

नारायणगाव सोडलं की आळेफाट्यापर्यंत दोन्ही बाजूंना द्राक्षबागा दिसतात. पण ती खायची द्राक्षं. काळी, टपोरी जम्बो इथली खास. खायच्या द्राक्षाला मणी मोठा, साल पातळ आणि बी नको. त्यासाठी जिब्रेलिक ॲसिडचे डिप देतात, घडाची विरळणी करतात. वाईनच्या द्राक्षाचं सगळं उलटं. मणी वाटाण्याएवढा, साल जाड, आत बिया. कारण रंग, वास आणि तुरटपणा सालीत असतो, आणि मणी जितका लहान तितकी रसाच्या मानाने साल जास्त. एका वेलीवर घड कमी ठेवले तर माल वजनाने उतरतो, पण दर्जाने चढतो. आयुष्यभर टनात हिशेब केलेल्या बागायतदाराला हे पचायला जड जातं.

राज्य सरकारने २००१ साली द्राक्ष प्रक्रिया धोरण आणलं, वाईनला अबकारी करातून सूट दिली आणि विंचूर व पलूसला वाईन पार्क काढले. ते पार्क एमआयडीसीचे आहेत. म्हणजे आमच्या चाकणला जी पाटी, तीच विंचूरला. फक्त आत ऑइलच्या वासाऐवजी द्राक्षाचा वास. त्याच्या थोडं आधी राजीव सामंतांनी गंगापूर धरणाजवळ घरच्या जमिनीवर वाईनची द्राक्षं लावली होती आणि आईच्या सुलभा या नावावरून कंपनीला 'सुला' नाव दिलं. मग रीघ लागली. धोरणाच्या भरवशावर लावलेल्या बागांचा माल २००९-१० च्या सुमारास घ्यायला कोणी नाही अशी वेळ आली आणि कितीतरी शेतकऱ्यांनी वेली मुळापासून उपटल्या. तो इतिहास वाईनरीच्या टूरमध्ये कोणी सांगत नाही. बागेत काम करणाऱ्याला विचारला तर सांगतो.

या धंद्यात घरं किती गुंतलेली आहेत ते नावांवरूनच कळतं. नाशिकच्या 'यॉर्क'चा इंग्लंडशी काही संबंध नाही. योगिता, रवी आणि कैलाश या गुरनानी भावंडांच्या नावांची ती अक्षरं. २०२१ मध्ये ती सुलाकडे गेली. निफाडजवळ कुंदेवाडीला पाटील कुटुंबाची 'रेव्हेलो' आहे. अकलूजच्या 'फ्रातेल्ली'चं नावच इटालियन भाषेत 'भाऊ': मोहिते-पाटील, दिल्लीचे सेखरी आणि इटलीचे सेच्ची, अशा तीन घरच्या भावांनी ती काढली. भाऊबंदकीसाठी प्रसिद्ध असलेल्या आपल्या मुलखात भावांनी मिळून काढलेला कारखाना चालतो, याचं मला वाईनपेक्षाही नवल वाटलं.

आम्ही गेलो ती जागा यांच्यापेक्षा बरीच लहान, दिंडोरीच्या बाजूची. नाव लिहीत नाही, लेखाची जाहिरात व्हायला नको. बंगला पुढे, शेड मागे आणि तिन्ही बाजूंना बाग. थोरला भाऊ शेती बघतो, धाकटा तळघर, थोरल्याची बायको पाहुण्यांचं जेवण. आमच्या भाषेत सप्लायर, प्रॉडक्शन आणि कँटीन एकाच रेशनकार्डावर.

धाकट्याने आधी बागेत नेलं. तोडणी चालू होती. पहाटे सुरू करून ऊन चढायच्या आत उरकतात, कारण गरम द्राक्ष शेडमध्ये येईपर्यंतच आंबायला लागतं. त्याने खिशातून एक नळकांडं काढलं, मणी चिरडून त्यावर रसाचा थेंब टाकला आणि मला डोळ्याला लावायला दिलं. निळी-पांढरी पट्टी, आकडा २३. हा ब्रिक्स, म्हणजे गोडी. "याला साधारण ०.५५ ने गुणा दादा, तेवढं अल्कोहोल होईल," तो म्हणाला. मनात गुणलं, साडेबाराच्या पुढे. तोडायचं कधी, हे हा आकडा आणि जीभ दोघं मिळून ठरवतात. त्याने बी चावून दाखवली. हिरवी असेल तर कडू, तपकिरी होऊन बदामासारखी लागली की माल तयार.

शेडमध्ये स्टीलच्या टाक्या होत्या. एकीच्या पाटीवर भोसरीचा पत्ता दिसला आणि गावचा माणूस भेटल्यासारखं झालं. पांढऱ्या वाईनला द्राक्ष दाबून फक्त रस घेतात आणि १५ अंशांच्या आसपास सावकाश आंबवतात. लाल वाईनला साली रसातच ठेवतात, २५-२८ अंशांवर. साली वर तरंगून जाड टोपी धरतात. ती दिवसातून दोन-तीनदा खालच्या रसाने भिजवली नाही तर वाळते आणि बिघडते. त्याने झाकण उघडलं. "वाकू नका," पटकन म्हणाला. आत कार्बन डायऑक्साइड साठलेला असतो, टाकीत उतरलेला माणूस परत येत नाही. आमच्याकडे बंद टाकीत उतरायला परमिट लागतं. इथेही भिंतीवर रजिस्टर लटकलेलं होतं. मला ते वाईनइतकंच आवडलं.

वर्षातून एकदा, जेमतेम दोन-अडीच महिने हा कारखाना चालतो. बॅच बिघडली तर पुढची पुढच्या वर्षी. रिवर्क नाही. फरशी इतकी धुतात की वाईनपेक्षा पाणीच जास्त लागत असावं. पलीकडे ओकची पिंपं होती, २२५ लिटरची, एकात ३०० बाटल्या. किमतीचा आकडा ऐकून साडूंनी पिंपावर ठेवलेला हात काढून घेतला.

मग टेस्टिंग. ग्लास तिरका धरा, रंग बघा, फिरवा, वास घ्या, मग घोट. थुंकायला भांडं ठेवलेलं असतं आणि त्यात थुंकणं हा यजमानाचा अपमान नसतो, हे मेहुणीला शेवटपर्यंत पटलं नाही. पेरू, लिची, मिरी, तंबाखू असे वास लोक सांगत होते. मला ते फारसे येईनात. मी माझ्या पद्धतीने विचारलं: खोट कशी ओळखायची? त्यावर धाकटा खुलला. ओल्या पुठ्ठ्याचा कुबट वास आला तर बूच खराब. कापून ठेवलेल्या सफरचंदासारखा आला तर हवा लागली. नेलपॉलिशसारखा झोंबला तर ती व्हिनेगरच्या वाटेला लागली. सडक्या अंड्याचा आला तर आंबताना यीस्टची उपासमार झाली. बाटलीच्या तळाशी काचेसारखे खडे दिसले तर घाबरू नका, ते द्राक्षातल्याच टार्टारिक आम्लाचे क्षार, थंडीने तळाशी बसलेले. हे खडे बघून एक गिऱ्हाईक काच आहे म्हणून भांडायला आलं होतं. मी गप्प बसलो. मीही तेच केलं असतं.

जेवण ओसरीवर. बाजरीची भाकरी, काळ्या मसाल्यातली गावरान कोंबडी, भरीत, शेंगदाण्याची चटणी, हिरव्या मिरचीचा ठेचा. आमच्या साडूंनी कुठेतरी वाचलेलं, मटणा-कोंबडीला लाल वाईन. त्यांनी ठेचा लावलेला घास खाल्ला, वर तुरट लाल वाईनचा घोट घेतला आणि डोळ्यांत पाणी आणलं. वहिनी हसल्या. तिखटावर अल्कोहोल आणि तुरटपणा दोन्ही आग वाढवतात. गोडवा आणि गारवा ती शमवतात. म्हणून ठेच्याला किंचित गोडसर, थंडगार शेनिन ब्लाँ. लाल शिराझ भरताला छान लागली, भाजल्याचा धुरकट वास दोघांत सारखा. काळ्या मसाल्याच्या रश्शाला मात्र मला काहीच जमेना, शेवटी ताक मागितलं. ताकाचं भांडं त्यांनी आधीच भरून ठेवलेलं होतं.

बायकोचं माहेर ओतूर. ती म्हणाली, "मासवडीबरोबर काय?" जुन्नर-ओतूरची मासवडी म्हणजे बेसनाच्या पोळीत तीळ-खोबऱ्याचं सारण गुंडाळून कापलेली वडी आणि सोबत झणझणीत रस्सा, मासा नावालाच. धाकट्याने विचार केला आणि दोन बाटल्या काढल्या: वडी नुसती खाल्ली तर ही, रस्सा ओतला तर ती. असा घरचा सल्ला कुठल्याही पुस्तकापेक्षा खरा, कारण ती चव त्याच्या जिभेवर आधीपासून होती.

जाणाऱ्यांसाठी दोन गोष्टी. जानेवारी ते मार्च काम बघायला मिळतं. दिवाळीच्या सुमारास बागेत गोडी छाटणी झालेली असते, कोवळे फुटवे आणि केवडा रोगाची धास्ती. तेव्हा यजमानाला वेळ नसतो. वाईनसाठी २१ वर्षं पूर्ण लागतात. ड्राय डे बघून निघा. जेवण आधी सांगा, कारण कोंबडी शिजायला वेळ लागतो आणि वहिनी एकच असतात.

निघताना सहा बाटल्या घेतल्या. थोरल्याने डिकीत ठेवताना बजावलं, "गरम होऊ देऊ नका. पंचवीस-तीस अंशांच्या वर फार वेळ राहिली की शिजलेल्या जॅमसारखी लागते." संगमनेर, आळेफाटा, नारायणगाव, खेड, गाडी सुसाट आली. चाकणच्या अलीकडे ट्रक उभे दिसले. पंधरा मिनिटं, अर्धा तास. इंजिन तापलं, डिकी तापली. बायकोने उतरून बाटल्या आणल्या, माझी शाल बिसलेरीच्या पाण्याने भिजवली आणि त्यांना लहान मुलासारखं गुंडाळून पायाशी, एसीच्या झोतात ठेवलं. भाचा स्टेअरिंगवर हात टेकून बसला होता.

"मामा, बाराला घरी पोचलो तर या बाटल्या जुनी वाईन म्हणून खपतील."

तळेगाव चौकाचा सिग्नल तिसऱ्यांदा हिरवा झाला आणि आमच्या पुढचा कंटेनर जागचा हलला नाही.